डोमकावळ्याचा आवाज

गजाभाऊ गेल्याचं मला पोस्टकार्डावरून कळलं. दुपारची सुट्टी झाली होती. शिपायानं टपाल आणून टेबलावर ठेवलं, त्यात एक कार्ड माझ्या नावाचं निघालं. अक्षर ओळखीचं नव्हतं. त्यांच्या बायकोनं, पार्वतीवहिनींनी, ते कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं. ‘हे मंगळवारी सकाळी गेले. छातीत कळ आली म्हणून ओट्यावर बसले ते उठले नाहीत. तुम्हाला कळवावं म्हणून लिहिलं.’ एवढाच मजकूर. पन्नाशी गाठायला त्यांना एक वर्ष बाकी होतं. माणूस गेल्याचं ऐकलं की त्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो म्हणतात. मला मात्र आधी आवाज आठवला, आणि तोही त्यांचा रोजचा आवाज नव्हे. एका खलनायकाचा आवाज… बारा वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या आमच्या शाळेच्या हॉलमध्ये ऐकलेला, आणि तेव्हा मला अजिबात न आवडलेला.

त्या खलनायकाची ओळख करून द्यायला हवी, कारण ज्या साप्ताहिकात तो होता ते आता बंद पडलं आहे. पुण्याहून निघणारं मुलांचं साप्ताहिक होतं ते. दर गुरुवारी सकाळच्या गाडीनं त्याचा गठ्ठा लोणावळ्याला उतरायचा. शेवटच्या दोन पानांवर एक चित्रकथा असायची, शूर रणधीरची. पण रणधीरसाठी ते साप्ताहिक कुणी घेत होतं असं मला वाटत नाही. लोक घेत होते डोमकावळ्यासाठी. काळी घोंगडी पांघरलेला, तोंडावर कावळ्याच्या चोचीचा मुखवटा चढवलेला हा दरोडेखोर दर आठवड्याला एखादं गाव लुटायचा, गंजी पेटवायचा आणि पळताना ‘खॉ खॉ’ हसायचा. माझ्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत तसं हसत. फलाटावरचे हमाल अंक उघडून आधी शेवटचं पान काढत. चिक्की विकणारे दोघेजण रणधीर या वेळी त्याला पकडणार की नाही यावर चहाची पैज लावत. आणि मी, बावीस वर्षांची नवी शिक्षिका, मुलांच्या हातून जप्त केलेला अंक स्टाफरूममध्ये बसून आधी स्वतः वाचून काढत असे.

याच वेडापायी मी चित्रकथेवरून नाटक लिहिलं. रेल्वे क्वार्टर्समधल्या गणेशोत्सवात ते दर वर्षी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये व्हायचं. आसपासच्या गावांतून माणसं येत, त्यांना उजेडी परतता यावं म्हणून प्रयोग दुपारी ठेवलेला असे. पहिली तीन वर्षं डोमकावळा झाले ते बापू पैलवान. रुळांवर गँगमध्ये काम करणारा धिप्पाड माणूस, मिश्या मुखवट्याच्या खालून दोन्ही बाजूंना बाहेर येत. ते ओरडले की पहिल्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरत आणि मागच्या रांगेतली मोठी माणसं खूश होऊन टाळ्या वाजवत. लोणावळ्याचा भाद्रपद म्हणजे पत्र्यावर सतत पाऊस, पण बापूंच्या आवाजापुढे पावसाचं काही चालत नसे. डोमकावळा म्हणजे बापू, हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की बाजारात भाजी घेतानाही लोक त्यांना ‘काय कावळेबुवा’ म्हणून हाक मारत.

चौथ्या वर्षी बापूंची दौंडला बदली झाली. उत्सव दहा दिवसांवर आलेला. मंडळाचे अध्यक्ष होते मालधक्क्यावरचे साळवीसाहेब. ते मला बरोबर घेऊन आडव्या अंगाचा माणूस शोधत क्वार्टर्समधून फिरत होते, तेव्हा गजाभाऊ पुढे आले आणि म्हणाले, “मी करू का?” आम्ही दोघंही त्यांच्याकडे पाहत राहिलो. गजाभाऊ रेल्वेत पेंटर होते. स्टेशनांच्या नावाच्या पाट्या रंगवायचे, डब्यांवर आकडे टाकायचे. आमचे पडदेही तेच रंगवत. वडिवळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांचं गाव होतं, तिथून कामशेतपर्यंत चालत येऊन गाडीनं कामावर येत. अंगानं काटकुळे, बोलायला एवढे कमी की तीन वर्षांत त्यांच्याशी माझं रंगांपलीकडे बोलणं झालेलं नव्हतं. पण दुसरं कुणी मिळेना. तालमीत ते सगळी वाक्यं पुटपुटल्यासारखी म्हणत. “प्रयोगात आवाज लावाल ना?” असं मी विचारलं की म्हणत, “तवा बगू, बाई.” मला वाटलं, घसा जपत असतील.

पहिला प्रयोग रविवारी झाला. नाटकात शेवटाकडे एक प्रसंग होता. डोमकावळा एका गावाच्या वेशीवर उभा राहतो आणि गावकऱ्यांना म्हणतो, ‘याच वेशीतून मला हाकललंत. आज ही वेस मी जाळणार.’ चित्रकथेत हे एका लहानशा चौकोनात होतं, पुन्हा त्याचा कधी उल्लेखही आला नव्हता. मी लिहिताना त्यापुढे दोन उद्गारचिन्हं दिली होती आणि बापू त्या दोन चिन्हांची चार करत. गजाभाऊ वेशीपाशी आले. उजवा खांदा खाली पडलेला, मान एका बाजूला… आणि त्यांनी ते वाक्य अगदी हळू म्हटलं. घरातल्या माणसाशी बोलावं तसं. पत्र्यावर पाऊस वाजत होता, मागच्या लोकांना ऐकू जाईना, म्हणून सगळा हॉल पुढे वाकला. कुणी हसलं नाही, कुणी टाळी दिली नाही. मी पडद्याआड वही धरून उभी होते, मला वाटलं, गजाभाऊ वाक्य विसरले. म्हणून मी ते आतून मोठ्यानं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षाही हळू.

दुसऱ्या दिवसापासून गावात जे सुरू झालं त्याचं मला अजून नवल वाटतं. एका चित्रातल्या दरोडेखोरावरून माणसं एवढी दुखावतील असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. माझ्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर करून विचारलं, “बाई, डोमकावळ्याला ताप आला होता का?” चिक्कीवाल्यांपैकी एकजण मला रस्त्यात थांबवून म्हणाला, “तुमचा कावळा सत्यनारायणाला आल्यागत बोलला की वो.” मंडळाच्या दाराला कुणीतरी कागद चिकटवला होता, ‘आमचा डोमकावळा आम्हाला परत द्या’, खाली तेरा सह्या. पण दुसऱ्या तऱ्हेचे लोकही भेटत होते. शाळेत पाणी भरणाऱ्या बाईंनी मला विचारलं, “त्याला कशापायी हाकललं व्हतं?” मी चार वर्षं ती कथा वाचत होते, त्यावर नाटक लिहिलं होतं, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या आठवड्यात तोच प्रश्न मला आणखी चारपाच जणांनी विचारला. मधल्या सुट्टीत मुलांचा खेळसुद्धा बदलला. एक मुलगा मान वाकडी करून हळू बोलायचा आणि बाकीचे त्याच्याभोवती गप्प उभे राहायचे. पकडापकडी बंद.

गजाभाऊंच्या गावाहूनही सहासात माणसं प्रयोगाला आली होती. मंगळवारी त्यांच्यातले दोघे साळवीसाहेबांकडे आले. त्यांची तक्रार निराळीच होती. डोमकावळा भीतिदायक नव्हता याचं त्यांना काही नव्हतं. ते म्हणाले, “साहेब, त्यो गजा आमच्या गावाची बदनामी करतोय. त्यानं कुनाचं सोंग काढलंय ते आमाला म्हाईत हाय.” साळवीसाहेब वैतागले. शुक्रवारी दुसरा प्रयोग होता. त्यांनी मला बोलावून सांगितलं, की एकतर गजानन नीट ओरडतील, नाहीतर ते स्वतः डोमकावळा होतील. मला तेही पटलं. खरं सांगायचं तर सगळ्यांत रागावलेली प्रेक्षक मीच होते. माझा डोमकावळा माझ्याच नाटकात कुणीतरी बदलून टाकला होता.

मी त्यांना शोधत स्टेशनवर गेले. फलाटाच्या टोकाला शिडी लावून ते गावाच्या नावाची पाटी रंगवत होते. मी खालूनच म्हटलं, “गजाभाऊ, तुम्ही माझं नाटक पाडलंत.”

“एक शबूद बदलला न्हाई मी, बाई.”

“शब्द नाही, आवाज बदललात. दरोडेखोर असा बोलतो का?”

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला आणि खाली उतरले. हात पुसत म्हणाले, “तुमी कुनाला गावातनं हाकलताना बगितलंय?” मी नाही म्हटलं. “मी बगितलंय,” ते म्हणाले, आणि तिथेच शिडीला टेकून त्यांनी मला त्यांच्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. गजाभाऊ तेव्हा नऊ वर्षांचे होते, भाऊ तुकाराम अठराचा. गावदेवीचा चांदीचा मुखवटा देवळातून नाहीसा झाला. आदल्या दिवशी तुकाराम देवळाच्या ओट्यावर झोपलेला लोकांनी पाहिला होता, त्याच्या एका कानाला ऐकू यायचं नाही, विचारलेलं त्याला नीट कळलं नाही आणि त्यानं भलतीच उत्तरं दिली. एवढ्यावरून गावानं त्याला चोर ठरवलं आणि वेशीबाहेर काढलं. पुढे दोन वर्षांनी मुखवटा एक दिवस देवळात जागेवर दिसला. तेव्हा लोक म्हणाले, चोराला भीती वाटली, त्यानं आणून ठेवला. तुकारामाला बोलवायला कुणी गेलं नाही. तो कुठे आहे हेही कुणाला माहीत नव्हतं.

“चित्रात ती वेस बगितली आन मला भाऊच दिसला,” गजाभाऊ म्हणाले. “मान तशीच करायचा, चांगला कान म्होरं करून. त्यो वरडनारा न्हवता, बाई. मला त्याचा आवाज पक्का ध्यानात हाय.”

मी परत आले ती सरळ साळवीसाहेबांकडे गेले. डोमकावळा बदलला तर मी वही घेऊन घरी जाईन, असं सांगितलं. एवढं धैर्य माझ्यात कुठून आलं मला माहीत नाही. ते म्हणाले, “तुम्हीच कालपर्यंत चिडला होतात ना?” मी म्हटलं, “अजूनही चिडले आहे. पण त्यांना करू द्या.”

शुक्रवारी हॉलमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. आठवडाभर भांडून भांडून लोकांनीच प्रयोगाची जाहिरात केली होती. खंडाळ्याहून माणसं आली होती, कामशेतहून आली होती, दौंडहून खास सुट्टी काढून बापू पैलवान आले होते आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. गजाभाऊंनी रविवारी केलं तेच केलं. फक्त वेशीच्या प्रसंगात त्यांनी चोचीचा मुखवटा काढून हातात घेतला आणि स्वतःच्या चेहऱ्यानं ते वाक्य म्हटलं. मागून कुणीतरी ‘ओरड की रे’ म्हणालं. बापूंनी मागे वळून नुसतं पाहिलं, आणि मग शेवटपर्यंत कुणी बोललं नाही. पडदा पडल्यावर टाळ्या आल्या, पण तुटक, उशिरा, जणू वाजवाव्यात की नाही हे लोक एकमेकांना विचारत होते. बापू आत आले, गजाभाऊंच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “माझा कावळा लोकांना आवडायचा. तुझा त्यांना घरी न्यावा लागतोय.”

हॉल रिकामा होत होता तेव्हा एक म्हातारा पडद्यामागे आला. डोक्यावरची घोंगडी पावसानं ओली. गजाभाऊंनी त्यांना पाहून पटकन वाकून नमस्कार केला. ते त्यांच्या गावच्या देवळाचे गुरव होते, भिका आबा. रविवारच्या प्रयोगालाही ते होते, आणि या वेळी गावातल्या कुणाला न सांगता एकटेच आले होते. ते बसायला तयार नव्हते. उभ्याउभ्याच म्हणाले, “गजा, मुखवटा चोरीला ग्येलाच न्हवता. हिरीवर धुताना माज्या हातनं निसटला. गाळात ग्येला. दोन वर्सांनी हिरीचा गाळ काडला तवा मलाच घावला… मी गुपचूप जागंवर ठिवला.”

गजाभाऊ अजून डोमकावळ्याच्या काळ्या घोंगडीत होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओरडेल. त्यांनी विचारलं, “किती वर्सं झाली, आबा?”

“अठ्ठावीस.”

“मंग हितं मला सांगून काय उपेग? गावात सांगा.”

एवढंच. आबांनी मान हलवली आणि ते गेले. दसऱ्याला सोनं वाटायला गाव देवळापुढे जमलं तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर ते सांगितलं, हे मला नंतर कळलं. काहींनी त्यांच्याकडे जाणं सोडलं, काहींनी म्हटलं आता उकरून काय मिळणार. गजाभाऊंनी मात्र त्या दिवसापासून भावाचा शोध सुरू केला. सुट्टीचा दिवस आला की ते घाट उतरून कोकणात जात. कुणी भातगिरणीत पाहिला म्हणे, कुणी वीटभट्टीवर. चार वर्षांनी खाडीकाठच्या एका मिठागरावर तुकाराम सापडला. मान वाकडी करून काम करणारा माणूस त्यांनी बांधावरूनच ओळखला. पण तो यायला तयार नव्हता. दोनदा त्यानं गजाभाऊंना जेवू घालून परत पाठवलं. गावानं काढलं, गाव बोलवायला आलं तर येईन, एवढंच म्हणाला. शेवटी सत्तरी ओलांडलेले भिका आबा स्वतः गेले. तोवर माझं लग्न होऊन मी तळेगावच्या शाळेत आले होते. गजाभाऊंचं एक कार्ड आलं, त्यावर दोनच वाक्यं होती, ‘भाऊ आला. भात लावायला शेतात उभा राहिला.’ एकदा जाऊन भेटायचं असं मी दर वर्षी ठरवत गेले. कामशेत काही लांब नाही. तरी जाणं झालं नाही, याला माझ्याकडे काही कारण नाही.

गेले ती गजाभाऊ गेल्यावर तीन आठवड्यांनी. गाडीनं कामशेतला उतरले आणि पुढे बांधाबांधानं चालत गेले. भात पोटरीत आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. पार्वतीवहिनी मला पाहून रडल्या, मीही रडले. मग त्या चहा ठेवायला आत गेल्या. ओट्यावर एक म्हातारा गृहस्थ बसला होता. उजवा खांदा खाली, मान एका बाजूला. मला कुणी सांगायची गरजच नव्हती. डोमकावळ्याला मी बारा वर्षांनी पुन्हा पाहत होते, आणि हा सोंगातला नव्हता.

त्यांनी चांगला कान पुढे केला. “तुमीच का त्या नाटकवाल्या बाई? गजा लय सांगायचा तुमचं.” आवाज खरखरीत होता, चांगला मोठा. कमी ऐकणारी माणसं बोलतात तसा. मला जरा चुकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, “त्यानं माजं सोंग क्येलतं म्हनं. मी काय बगितलं न्हाई. त्याला म्हनायचो करून दाव, तर लाजायचा. तुमाला येतंय का?”

मी चाळिशीकडे झुकलेली मास्तरीण. मी कधी रंगमंचावर पाऊल ठेवलेलं नाही. पण नाही म्हणवेना. मी अंगणात उतरले, पदर खोचला, उजवा खांदा खाली सोडला, मान वाकडी केली आणि ते वाक्य म्हटलं, जमेल तितक्या हळू, तरी त्यांच्या चांगल्या कानाला पोचेल असं. चहाचे कप घेऊन आलेल्या वहिनी उंबऱ्यातच थांबल्या.

तुकारामभाऊंनी मान हलवली. “ग्वाड हाय. पर ह्यो मी न्हवं.”

“म्हणजे?”

“मी वरडलो व्हतो की त्या दिशी. गुरवाला, पाटलाला, समद्यांला शिव्या घातल्या. पार खिंडीपत्तुर वरडत ग्येलो. गाव अजून सांगतं.”

म्हणजे बापू पैलवानच बरोबर होते… आणि ते तेरा सह्या करणारेही. मी विचारलं, “मग गजाभाऊंना हा आवाज कुठे सापडला? त्यांना तो पक्का आठवत होता.”

त्यांनी समोरच्या डोंगराकडे पाहिलं, खिंडीच्या बाजूला. आठवायला त्यांना वेळ लागला. “खिंडीत मागं वळून बगितलं,” ते म्हणाले, “तर गजा माज्या मागं पळत आलेला. अनवानी. मंग मी खाली बसलो आन त्याला म्हनलं, जा बाबा घरी, आई वाट बगत आसंल.”

हे सांगताना त्यांचा आवाज उतरला. वहिनींनी कप खाली ठेवले. मी तो आवाज ओळखला.